अठ्ठावीस पायांचा बँड

मामाने बोटीवरून येताना आणलेला तो कॉम्प्युटर दिसायला अगदीच फुसका होता. काळा, शंभरपानी वहीएवढा, वर खोडरबरासारखी मऊ बटणं. घरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला तो जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा. मामाला वाटलं, भाचीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, ती यावर काहीतरी मोठं करेल. मी काय केलं, तर त्याचं झाकण उघडलं. कुठलीही वस्तू झाकण लावलेली ठेवून वापरणं मला तेव्हाही जमत नव्हतं आणि आजही जमत नाही.

आवाजासाठी आत रुपयाएवढा एक स्पीकर होता. तो एका वेळी एकच सूर काढायचा, आणि तोही दाराच्या बेलसारखा टूं टूं. सूर चालू असेपर्यंत कॉम्प्युटर दुसरं काही करायचाच नाही. एवढी गणितं करणारं यंत्र, आणि गायला लावलं की ठप्प! मला त्याचा खरंच राग यायचा.

मग फोर्टच्या फुटपाथवर एका जुन्या परदेशी मासिकात मला एक सर्किट सापडलं. अठ्ठावीस पायांची एक चिप, तिच्यात तीन वेगवेगळे आवाज. कॉम्प्युटरने तिला एकदा आकडे सांगितले की ती आपली आपण वाजत राहणार. मी ते पान तिथेच उभी राहून दोनदा वाचलं, कारण आमच्या घरात त्या दिवसांत नेमका तीन आवाजांचाच घोळ पडला होता.

आम्ही मालाडच्या खाडीकडच्या गावठाणातले, मराठी बोलणारे कॅथलिक. पप्पा एका कारखान्यात फिटर होते, पण गावठाणात त्यांची ओळख म्हणजे कॉर्नेटवाले, बँडमधलं ते बिगुलासारखं आखूड पितळी वाद्य वाजवणारे. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत घरी आणायचं. पुढे बँड, मागे कळशा घेतलेल्या बायका. गावठाणातल्या विहिरीवर जाताना एक ठरावीक चाल वाजायची, आणि ती वाजवणारे तिघंच होते: क्लॅरिनेटवाला, खालचे सूर धरणारा बेसवाला आणि पप्पा. त्यातला क्लॅरिनेटवाला वारला. बेसवाला मुलाकडे कॅनडाला गेला. पप्पांचे स्कूटरवरून पडून वरचे पुढचे चार दात गेले, आणि पुढच्या दातांशिवाय कॉर्नेट फुंकता येत नाही. कवळी बसवून पाहिलं, तर कवळीच बाहेर आली.

आणि ईस्टरनंतरच्या रविवारी माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलेलं.

आम्ही गोरेगावचा बँड सांगितला होता. तिथला मास्तर भला माणूस, पण त्याची सगळी पोरं ऐकून वाजवणारी, सिनेमाची गाणी. पप्पांनी त्याच्यापुढे जुन्या तीन वह्या ठेवल्या, तिघांच्या तीन, शाईने लिहिलेल्या नोटेशनच्या. मास्तरने पानं उलटली आणि वह्या तशाच परत दिल्या. नोटेशन आम्हाला वाचता येत नाही, म्हणाला, कॅसेटवर ऐकवा, चार दिवसांत बसवतो. आता कॅसेट आणायची कुठून? पप्पा गुणगुणायचे, पण गुणगुणून एकच बाजू कळते, बाकीच्या दोन बाजूंचं काय? घरी येऊन त्यांनी वह्या कपाटात ठेवल्या आणि म्हणाले की जाऊ दे, पोरं काहीतरी चांगलं वाजवतील. ते ज्या आवाजात म्हणाले तो मला सहन झाला नाही. गावठाणातल्या प्रत्येक मुलीला विहिरीपर्यंत पोचवलेला हा माणूस, आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी तीच चाल नाही!

मी म्हटलं, मी वाजवते. म्हणजे मी नाही, हा डबा वाजवेल.

चिप लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौथ्या दुकानात मिळाली. ती हातात घेऊन घरी आले तो राखेचा बुधवार होता. उपासकाळ सुरू. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस घरात गाणं नाही, बाजा नाही, रेडिओवर फक्त बातम्या. मम्मी या बाबतीत फादरपेक्षा कडक. मी टेबलावर पसारा मांडल्यावर तिने विचारलं की यातून निघणार काय. बँड, असं मी खरं खरं सांगून टाकलं, आणि माझी वाट लागली. बराच वेळ वाद झाला. लग्न थोरलीचं आहे, ईस्टरनंतर तयारीला आठवडाच उरतो, सगळं पटवून झालं. शेवटी मम्मीने हायकोर्टासारखा निकाल दिला. एक आवाज म्हणजे सराव, तो चालेल, आणि तोही कानात घालून ऐकायचा. दोन आवाज एकत्र झाले की तो बँड. बँड ईस्टरच्या आधी या घरात वाजणार नाही.

हसू आलं, पण मी ऐकलं. मी स्वतःला फार आधुनिक समजायचे, तरी उपासकाळात बँड वाजवून बहिणीच्या लग्नाला काही झालं असतं तर? उगाच कशाला.

रोज दुपारी टीव्ही मोकळा असायचा तेव्हा मी बसायचे. कॉम्प्युटरच्या पाठीला तांब्याच्या बारीक पट्ट्यांची एक कड बाहेर डोकावते. तिच्यातून आठ तारा आकड्यांच्या, काही हुकमाच्या, एक घड्याळाची, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या ठोक्यांची, दोन विजेच्या, अशा सगळ्या काढून भोकाभोकांच्या बोर्डावर बसवलेल्या चिपपर्यंत न्यायच्या. पहिल्याच दिवशी मी घाण करून ठेवली. चिप वरून बघितली की जो पाय डावीकडे, तो बोर्ड उलटं करून डाग द्यायला घेतलं की उजवीकडे जातो. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं, तरी अर्ध्या तारा आरशात बघून लावल्यासारख्या लागल्या. वीज देण्याआधी मीटरने तपासायची सवय होती म्हणून चिप वाचली. सगळं उपटून परत लावलं. सोल्डरच्या धुराने मम्मीला खोकला यायचा आणि ती खोकत खोकत माझ्या शिक्षणाबद्दल बोलायची.

पण ती चिप काय चीज होती! तिच्या पोटात सोळा खाने. आधी खान्याचा नंबर सांगायचा, मग त्यात आकडा टाकायचा. दोन खाने पहिल्या आवाजाच्या सुराचे, दोन दुसऱ्याच्या, दोन तिसऱ्याच्या. एका खान्यात ठरतं की कोणी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं. गंमत म्हणजे आकडा जितका मोठा तितका सूर खालचा. मला आधी हे उलटंच वाटलं, मग कळलं की तो आकडा म्हणजे थांबण्याची वेळ आहे. जास्त थांबलं की हेलकावा सावकाश, आणि सावकाश म्हणजे खालचा सूर. हे कळलं त्या दुपारी मी जेवायला उठले नाही. एका आकड्याने सूर किंचित खाली, दुसऱ्याने किंचित वर, मी नुसती खेळत बसले होते.

आवाज बाहेर यायला चिपला तीन वेगळे पाय होते. रेडिओचा जुना एका कानाचा इअरफोन मी एकेका पायाला लावून ऐकायचे. तिन्ही पाय एकत्र जोडून टेपरेकॉर्डरला द्यायची तार मी करून ठेवली होती, पण लावली नव्हती. कोर्टाचा हुकूम.

राहिलं वह्यांमधलं कॉम्प्युटरमध्ये भरणं. नोटेशन मला येत होतं, कारण चर्चच्या कॉयरमध्ये ऑर्गनवाल्या सिस्टरने शिकवलं होतं. उजव्या हाताचं, डाव्या हाताचं, दोन्ही. कॉर्नेट मात्र मला कधी हातात मिळालं नव्हतं. माझ्या चुलतभावांना पप्पांनी अंगणात ओळीने उभं करून शिकवलं, त्यातला एकही पुढे टिकला नाही. मी दहा वर्षांची असताना हट्ट केला, तर आजी म्हणाली की मुलींनी गाल फुगवून फुंकत बसायचं नसतं, आणि पप्पा काही बोलले नाहीत. मी खिडकीतून बघायचे. हे मी विसरले होते असं मला वाटायचं.

तर मी वहीत जो सूर लिहिलाय तो कॉम्प्युटरमध्ये भरत गेले. सी म्हणजे सी, डी म्हणजे डी. आधी क्लॅरिनेटची वही, मग पप्पांची, मग बेसवाल्याची. बेसवाल्याचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि कोपऱ्यात चहाचे गोल डाग. भरलेलं सगळं कॅसेटवर साठवताना टेपरेकॉर्डरमधून चिर्र असा आवाज यायचा. मम्मीने कान देऊन ऐकलं आणि हा उंदीर आहे, गाणं नाही, म्हणून परवानगी दिली.

पप्पांची बाजू पूर्ण झाली तेव्हा मी इअरफोन त्यांच्या कानात घातला. ते डोळे मिटून बसले. उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर आपोआप दाबली जात होती, कॉर्नेटच्या तीन कळा असतात तशी. संपल्यावर म्हणाले, बरोबर आहे, एकही चूक नाही. मग म्हणाले, थोडं चढं वाटतंय.

मला भयंकर झोंबलं. चढं म्हणे! प्रत्येक सुराचा आकडा मी घड्याळाच्या वेगाला भागून काढला होता, कागदावर आणि मग कॅल्क्युलेटरवर. मी म्हटलं, पप्पा, हे गणित आहे, हे चढत नाही आणि उतरत नाही. ते म्हणाले, असेल बाय, माझेच कान म्हातारे झाले असतील. मी तो विषय तिथेच संपवला.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधून, मिस्सावरून आलो, जेवणं झाली. मम्मीनेच टेबलावरचा कपडा काढला आणि लाव म्हणाली. बहीण, मम्मी, पप्पा, सगळे खुर्च्या ओढून बसले. मी तिन्ही पायांची तार टेपरेकॉर्डरला जोडली, बटण दाबलं.

काय सांगू. तीन माणसं तीन वेगळ्या खोल्यांत भांडतायत असा तो आवाज होता. लय बरोबर, तिघं एकत्र सुरू झाले, एकत्र संपले, आणि मधे एकही सूर दुसऱ्याला धरेना. बहीण आधी हसली, मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसणं बंद केलं. पप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

मी म्हटलं, वायरिंगमध्ये आहे, सापडेल. दुपारभर मी त्या बोर्डाच्या मागे लागले. एकेक आवाज वेगळा लावला तर स्वच्छ. दोन वरचे एकत्र लावले तर सुंदर. बेस आला की नासलं. म्हणजे तिसऱ्या आवाजाचे खाने बिघडले असणार, किंवा आकड्यांची एखादी तार ढिली असणार. आठही तारांना परत डाग दिले. सॉकेट बदललं. संध्याकाळपर्यंत माझी बोटं दोन ठिकाणी भाजली आणि काहीही बदललं नाही. उद्या लॅमिंग्टन रोडला जाऊन दुसरी चिप आणायची म्हणून मी ही चिप उपसायला घेतली. वाकड्या पायांची चिप परत कामाची राहत नाही, हे माहीत असूनही मी स्क्रूड्रायव्हर खाली घातला होता.

पप्पा मागे येऊन उभे राहिले. बेस एकटा लाव म्हणाले. मी लावला. त्यांनी तो ऐकला, मग वरून आपली बाजू हलकेच गुणगुणली. आणि त्यांचं गुणगुणणं त्या बेसशी असं बसलं की माझा हात थांबला. ते गात होते ते सगळं मी भरलेल्यापेक्षा खाली होतं.

मग त्यांनी विचारलं, बेसवाल्याची वही कशी भरलीस? मी म्हटलं, लिहिलंय तशी. आणि माझी? तीही लिहिलीय तशीच. पप्पांनी कपाळावर हात मारला.

त्यांनी समजावलं ते इतकं साधं होतं की मला लाज वाटली. कॉर्नेटवाला वहीत सी वाचतो, सीची बोटं दाबतो, पण बाहेर पडतो तो बी फ्लॅट, एक पूर्ण सूर खाली. वाद्यच तसं घडवलेलं असतं. क्लॅरिनेटचंही तेच. बेसच्या वहीत मात्र जे लिहिलेलं असतं तेच वाजतं. वह्या लिहिणाऱ्यांनी हे धरूनच लिहिलेलं. ऑर्गन शिकलेल्या माणसाला हे कळायचं कारण नाही, कारण ऑर्गनचा सी हा सीच असतो.

"ही तर पहिल्या दिवसाची गोष्ट," पप्पा म्हणाले. "प्रत्येक पोराला कॉर्नेट हातात देण्याआधी मी हे सांगतो."

"मला कधी सांगितलंत?" मी म्हटलं. "मी पोरगा नव्हते ना."

इतक्या वर्षांनी ते असं बाहेर पडेल हे मलाच माहीत नव्हतं. मम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला, टीव्हीसमोर बसले आणि प्रोग्राममध्ये जिथे सुराच्या पायरीच्या नंबरावरून चिपचा आकडा निघायचा, त्या ओळीत पहिल्या दोन आवाजांच्या नंबरांमधून दोन वजा केले, कारण पूर्ण सूर म्हणजे दोन पायऱ्या. चाळीस दिवस तारा लावल्या, आणि चूक तारेत नव्हतीच.

बटण दाबलं. तिघं वाजले.

खोटं कशाला बोलू, आवाज काही पितळेचा नव्हता, बाजारातल्या खेळण्याचाच होता. पण चाल तीच होती. बहीण उठून पदर नसताना पदर सावरल्यासारखी करत दोन पावलं विहिरीला निघाल्यागत चालली आणि मम्मी रडायला लागली. पप्पांनी मला परत लावायला सांगितलं. सहा वेळा लावलं. सातव्या वेळी कॅसेटवर भरून घेतलं.

गोरेगावच्या मास्तरने ती कॅसेट सोमवारी ऐकली आणि विचारलं, हा कुठला बँड आहे हो, जरा कडक वाजवतात. मी म्हटलं, घरचाच आहे. शनिवारी संध्याकाळी त्याची पोरं गल्लीतून ती चाल वाजवत निघाली. शेवटी एक-दोन मुरक्या त्यांनी सिनेमातल्या घातल्याच, त्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पण चाल झकास बसवली होती. पप्पा आयुष्यात पहिल्यांदा बँडच्या पुढे नव्हते. ते मागे, कळशीवाल्या बायकांमध्ये चालत होते. विहिरीपाशी पोचल्यावर मला म्हणाले, बाहेरून हे असं ऐकू येतं होय. वाजवताना त्यांना त्यांचं कॉर्नेटच सगळ्यात मोठं ऐकू यायचं. बाकी दोघं काय करतात हे त्यांनी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

लग्न पार पडलं. बहीण मुलुंडला गेली. दोन दिवस मांडव आवरण्यात गेले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घर एकदम मोठं वाटायला लागलं. मी कॉम्प्युटर मामाच्या खोक्यात भरत होते. पप्पा आतून आले, हातात कॉर्नेटची पेटी.

"तो लाव," म्हणाले. "पण माझा आवाज बंद करता येतो का?"

येतो की. एका खान्यातला एक आकडा बदलायचा. मला वाटलं, त्यांना आपल्या दोन्ही मित्रांना ऐकायचंय, स्वतःच्या गडबडीशिवाय. मी आकडा बदलला. पप्पांनी पेटी उघडली, कॉर्नेट बाहेर काढलं, तोंडाची बाजू सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातात दिलं.

मी नुसती धरून उभी राहिले. खिडकीतून वाटलं होतं त्यापेक्षा ते कितीतरी जड होतं. पप्पांनी माझी तीन बोटं तीन कळांवर ठेवली आणि पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली, जशी अंगणातल्या पोरांना सांगायचे तशी, एक शब्द न गाळता. इथे सी लिहिलेला असतो, आपण सी दाबतो, बाहेर पडतो बी फ्लॅट. हे मला आता माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. मी मान हलवत सगळं ऐकलं. मग म्हणाले, गाल फुगवायचे नाहीत, ओठांवर दोरा चिकटलाय आणि तो थुंकायचाय असं कर.

मी बटण दाबलं. क्लॅरिनेट आणि बेस सुरू झाले, मधली जागा रिकामी. मी फुंकलं. नुसती हवा. परत फुंकलं, तर म्हशीने नाक शिंकरावं तसा एक आवाज निघाला आणि स्वयंपाकघरातून मम्मी म्हणाली, देवा रे. ते दोघं काही माझ्यासाठी थांबले नाहीत. आपली बाजू वाजवत सरळ विहिरीपर्यंत गेले आणि संपले.

माझा दम गेला होता, ओठ सुजल्यासारखे झाले होते. पप्पांनी स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसले आणि बोटं मांडीवर ठेवली.

"परत लाव," म्हणाले.